विहिरीचे पाणी आणि विद्यार्थ्यांचे शिक्षण

'विज्ञान खेड्यापर्यंत नेले पाहिजे' हे वाक्य गेली अनेक वर्षे व्यासपीठांवरून ऐकू येत आहे. ह्या वाक्यात एक गृहीत दडलेले असते. विज्ञान शहरात, प्रयोगशाळेत तयार होते आणि खेडे म्हणजे ते उतरवून घेण्याची जागा, असे ते गृहीत होय. महाविद्यालयातील विद्यार्थी पहिल्यांदा सेवा-शिबिरासाठी खेड्यात जातो, तेव्हा बहुधा हेच गृहीत बरोबर घेऊन जातो. त्याच्या पिशवीत भित्तिपत्रके असतात, भाषणाची टिपणे असतात आणि मनात उत्साह असतो. दहा दिवसांनी तो परततो, तेव्हा ह्यांपैकी काय उरते आणि नव्याने काय मिळते, हा ह्या प्रकरणाचा विषय आहे.

कल्पनेची वाटचाल

शाळा आणि गाव, पुस्तक आणि श्रम ह्यांची फारकत होऊ नये, हा विचार भारतात नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी 'नई तालीम'ची कल्पना मांडली आणि तिचा आराखडा तयार करण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. उत्पादक हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा मध्य मानून त्याभोवती गणित, विज्ञान, भाषा ह्यांची गुंफण करावी, असा त्या योजनेचा आशय होता. स्वातंत्र्यानंतर उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात ह्याच विचाराला निराळे रूप मिळाले. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. आरंभी तिच्यात सुमारे ४०,००० विद्यार्थी सामील झाले. दोन वर्षांत मिळून २४० तासांचे सेवाकार्य आणि त्याच्या जोडीला खेड्यात अथवा वस्तीत मुक्काम करून चालविलेले शिबिर, ही ह्या योजनेची ओळख बनली.

जवळपास ह्याच सुमारास, १९६७ मध्ये, अमेरिकेत 'सेवेतून शिक्षण' ह्या अर्थाची संज्ञा प्रचारात आली. सेवा करणाऱ्याने ज्या विषयाचा अभ्यास केला आहे, त्याचा सेवेशी संबंध असावा. कामाची नोंद ठेवावी, तिच्यावर विचार करावा आणि ज्यांची सेवा करावयाची त्यांचाही काम ठरविण्यात वाटा असावा, हा तिचा आग्रह होता. गावातील रस्ता झाडणे ही सेवा होय. परंतु रस्त्यावर सांडपाणी कोठून येते, ते कोणत्या उतारावरून वाहते, कोणाच्या दारात साचते आणि तेथेच का साचते, हे झाडता झाडता शोधून काढले, तर त्या सेवेला अध्ययनाचे स्वरूप येते.

भारतीय संविधानाच्या ४२व्या दुरुस्तीने १९७६ मध्ये नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांचा समावेश केला. त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, जिज्ञासा आणि सुधारणावृत्ती ह्यांचा विकास करणे हे एक कर्तव्य म्हणून नमूद झाले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही समाजाशी संबंध जोडणारे व सेवेचे उपक्रम पदवीच्या श्रेयांकांत धरले जावेत, असे सुचविले आहे. तेव्हा सेवा-शिबिर हा अभ्यासक्रमाबाहेरचा विरंगुळा मानण्याचे दिवस मागे पडत आहेत. मात्र श्रेयांक मिळाले म्हणजे शिक्षण झालेच, असे नव्हे. ते कसे होते, हे पाहण्यासाठी प्रत्यक्ष कामाकडे वळले पाहिजे.

नर्मदेच्या खोऱ्यातील एक प्रयोग

मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्याचे (२०२२ पासून त्याचे नाव नर्मदापुरम् आहे) नाव भारतातील विज्ञानशिक्षणाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर ह्या दोन संस्थांनी जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत एक कार्यक्रम सुरू केला. सहावी ते आठवीच्या मुलांनी विज्ञान पाठ न करता स्वतः प्रयोग करून शिकावे, हे त्याचे सूत्र होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही शास्त्रज्ञांनी आरंभी त्यास हातभार लावला. १९७३ पासून दिल्ली विद्यापीठातील अध्यापक व संशोधक विद्यार्थी त्यात सहभागी होऊ लागले. १९७८ मध्ये हा कार्यक्रम सबंध जिल्ह्यात लागू झाला, १९८२ मध्ये त्याची धुरा वाहण्यासाठी 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली आणि २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला.

ह्या तीस वर्षांत शहरातून खेड्यात गेलेल्या तरुणांना एक गोष्ट वारंवार प्रत्ययास आली. मुलांच्या हाती प्रयोग दिला की पुस्तकात न लिहिलेली उत्तरे येऊ लागतात. अशा वेळी शिकविणाऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात. 'असे यायला नको होते' म्हणून पुस्तकातले उत्तर फळ्यावर लिहिणे, हा पहिला मार्ग. आपल्याला आलेले उत्तर तसेच नोंदवून ते का आले ह्याचा शोध घेणे, हा दुसरा. दुसऱ्या मार्गाने जाण्यास धैर्य लागते, कारण त्यात शिकविणाऱ्याचा अधिकार पणाला लागतो. वर्गात हा अधिकार गेला तर फार तर हसे होते. पण प्रयोग पिण्याच्या पाण्याचा असेल, तर त्याची किंमत गावाला मोजावी लागते.

पुढे दिलेली हकिकत कोणा एका व्यक्तीची अथवा एका गावाची नाही. अशा शिबिरांत घडणारे प्रसंग एका विद्यार्थिनीभोवती गुंफून ती उदाहरणादाखल मांडली आहे. तिच्यातील विज्ञान मात्र काटेकोरपणे खरे आहे.

काळी होणारी बाटली

ही विद्यार्थिनी जिल्ह्याच्या ठिकाणी रसायनशास्त्र घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकत होती. डिसेंबरच्या अखेरीस नर्मदेच्या खोऱ्यातील एका खेड्यात महाविद्यालयाचे दहा दिवसांचे शिबिर भरले. पिण्याच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या गटाचे प्रमुखपद तिच्याकडे होते. बरोबर घेतलेले साहित्य अगदी साधे होते. झाकण असलेल्या लहान काचेच्या बाटल्या, प्रत्येकीत कागदाची एक घडी आणि एक तापमापक, एवढेच.

ही कागदाची घडी म्हणजे भारतीय शास्त्रज्ञांनी जगाला दिलेली एक देणगी होय. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेतील मांजा, मौर्य आणि राव ह्या संशोधकांनी १९८२ मध्ये ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. कागदाला पेप्टोन, फेरिक अमोनियम सायट्रेट, सोडियम थायोसल्फेट इत्यादी द्रव्यांच्या द्रावणात भिजवून वाळवितात व निर्जंतुक बाटलीत ठेवतात. बाटलीत २० मिलिलिटर पाणी भरून ती उबदार जागी, साधारणतः ३० ते ३७ अंश सेल्सिअस तापमानात, ठेवली जाते. पाण्यात विष्ठेबरोबर येणारे काही विशिष्ट जीवाणू असतील, तर ते थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. त्या वायूचा लोहाच्या क्षाराशी संयोग होऊन लोहाचे काळे सल्फाइड बनते आणि बाटली काळी पडते. महागडे सूक्ष्मदर्शक नको, प्रयोगशाळा नको. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही निकाल डोळ्यांनी वाचता येतो.

पद्धतीला मर्यादा आहेत. काही भूजलात सल्फाइड मुळातच असते, तेव्हा दूषण नसतानाही बाटली काळी पडू शकते. काळी न पडलेली बाटली म्हणजे पाणी सर्वस्वी शुद्ध असल्याचे प्रमाणपत्रही नव्हे; फ्लोराइड किंवा नायट्रेट ह्यांविषयी ती काहीच सांगत नाही. आणि तापमान कमी असेल, तर जीवाणूंची वाढ मंदावते व निकाल लांबतो. ही शेवटची मर्यादा विद्यार्थिनीने वाचलेली होती. परीक्षेत विचारली असती, तर तिने ती बिनचूक लिहिलीही असती.

घाईचा निकाल

सरपंचांनी पाण्याच्या पाच ठिकाणांची यादी दिली. गावची मोठी विहीर, देवळामागची विहीर, दोन वाड्यांच्या आवारातील विहिरी आणि शाळेजवळचा हातपंप. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही ठिकाणचे पाणी बाटल्यांत भरून त्या शाळेच्या खिडकीत ओळीने मांडण्यात आल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तो एकही बाटली काळी नव्हती. त्या रात्री गारठा एवढा होता की मुली दोन-दोन गोधड्या पांघरून निजल्या होत्या. पण बाटल्यांना गारठा वाजत असेल हे कोणाच्या ध्यानात आले नाही. सायंकाळी चावडीपुढे जमलेल्या लोकांना विद्यार्थिनीने आनंदाने सांगितले की, गावचे पाणी चांगले आहे. लोकांनाही आनंद झाला. एका वृद्धाने नर्मदामैयाचा जयजयकार केला.

बाटल्या खिडकीतच राहिल्या. दिवसा ऊन लागे, रात्री त्या गार पडत. पाचव्या दिवशी सकाळी केर काढणाऱ्या मुलीने हाक मारली. तीन बाटल्या शाईसारख्या काळ्या झाल्या होत्या. त्यांत मोठ्या विहिरीची बाटली होती.

गटातील एका मुलाचे म्हणणे असे पडले की, निकाल चोवीस तासांनी पाहावयाचा असतो, तो पाहून झाला, अहवालातही लिहिला गेला. आता पुन्हा लोकांपुढे जाऊन गोंधळ कशाला माजवावा? हा युक्तिवाद अगदीच लंगडा नव्हता. तीन दिवस उघड्यावर राहिलेल्या बाटल्यांचा निकाल नियमाप्रमाणे ग्राह्य धरता येत नाही. पण चोवीस तासांचा निकालही ग्राह्य नव्हता, कारण ते चोवीस तास थंडीत गेले होते. नीट पाहिले तर गटाच्या हाती एकही खरा निकाल नव्हता आणि तरीही गाव मात्र 'पाणी चांगले आहे' ह्या शब्दावर विसंबून ते पीत होते. विद्यार्थिनी शिबिरप्रमुख प्राध्यापकांकडे गेली. सर्व ऐकून घेऊन ते म्हणाले, "निकाल तुम्ही जाहीर केलात. आता तो मागे घेण्याचं कामही तुमचंच आहे. मी शेजारी उभा राहीन."

दह्याचे शास्त्र

त्याच दिवशी सायंकाळी ती पुन्हा चावडीपुढे उभी राहिली. "आमची तपासणी चुकली," एवढेच वाक्य तिने आधी सांगितले. मग बाटल्यांना ऊब लागते, ती आम्ही दिली नाही, हे समजावून सांगितले. सभेत कुजबुज झाली. कोणी हसले. शिकलेली मुले चुकतात, ह्यात काही जणांना समाधानही वाटले असावे. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने मात्र विचारले, "बेटी, थंडीत दही उघड्यावर लागतं का कधी?"

ह्या एका प्रश्नात जीवाणुशास्त्राच्या धड्याचे सार होते. दुधाला विरजण लावणे म्हणजे जीवाणूंना अन्न व ऊब देऊन वाढविणे होय. उन्हाळ्यात दही रात्रीतून लागते, हिवाळ्यात ते चुलीजवळ, भुशात किंवा गोधडीत गुंडाळून ठेवावे लागते, हे त्या गावातील प्रत्येक घरी ठाऊक होते. बाटलीतील जीवाणू निराळे आणि दह्यातील निराळे. पण दोहोंना लागणारा नियम एकच. विद्यार्थिनीने पाठ्यपुस्तकात वाचलेली 'उबवण' आणि म्हाताऱ्या अम्मांचे विरजण एकमेकांशेजारी येऊन बसली.

त्यानंतर तपासणीची आखणी सर्वांनी मिळून केली. अम्मांनी बाटल्या आपल्या चुलीजवळ ठेवू देण्यास साफ नकार दिला. घाणीचा संशय असलेले पाणी अन्नाजवळ नको, हा त्यांचा आक्षेप शास्त्रालाही मान्य होण्यासारखा होता. अखेर शाळेमागच्या खोलीत भुशाचा ढीग रचून त्याच्या मध्यभागी गरम पाण्याची हंडी ठेवली. भोवती बाटल्या मांडल्या आणि वरून गोधड्या घातल्या. तापमापकात रात्री ३४ अंश दिसले, पहाटे ३०. मध्यरात्री हंडीतील पाणी बदलण्याची पाळी आठवीतल्या मुलांनी मागून घेतली.

ह्या खेपेस आणखी एक सुधारणा झाली. मोठ्या विहिरीचे पाणी उकळून, निववून दोन बाटल्यांत भरले. पहिल्या खेपेस तुलनेसाठी अशी बाटली ठेवलीच नव्हती. बाटली नुसत्या पाण्यामुळे काळी होत नाही, पाण्यातील सजीवांमुळे होते, हे ह्या तुलनेखेरीज दाखविता येत नाही.

यादीत नसलेले पाणी

सहाव्या दिवशी सकाळी नमुने गोळा करीत असताना दहा-अकरा वर्षांची एक मुलगी बराच वेळ मागे मागे चालत होती. शेवटी तिने विचारले, "आमचं पाणी नाही का तपासणार?" तिची वस्ती गावाच्या उताराकडे, नाल्यापलीकडे होती. त्या वस्तीतील बायका मोठ्या विहिरीवर घागर बुडवू शकत नसत. कोणी वरून ओतले तर घ्यावयाचे, नाही तर नाल्याच्या पात्रात वाळू उकरून केलेल्या झिऱ्यातून वाटी-वाटीने पाणी भरावयाचे. सरपंचांच्या यादीत झिरा नव्हता. कोणी तो लपवून ठेवला होता, असे नाही. यादी करणाऱ्याच्या लेखी गावच्या पाण्यात त्याची गणनाच होत नव्हती.

समाजात विज्ञानाचे काम करू पाहणाऱ्याने येथे थोडे थांबावे. नमुना कोठून घ्यावयाचा, हा शास्त्रीय प्रश्न समजला जातो. परंतु कोठून घ्यावयाचा हे कोण सांगतो, ह्यावर त्या नमुन्याचे खरेखोटेपण अवलंबून असते. पाच ठिकाणांची तपासणी कितीही अचूक केली असती, तरी 'गावचे पाणी' ह्या नावाखाली तिने गावातील काही घरे वगळलीच असती. सहावे ठिकाण यादीत चढले ते एका मुलीच्या प्रश्नामुळे.

दुसरी सभा

प्रत्येक ठिकाणच्या दोन आणि उकळलेल्या पाण्याच्या दोन, अशा चौदा बाटल्या भुशातून बाहेर निघाल्या, तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. झिऱ्याच्या दोन्ही बाटल्या काळ्या होत्या. मोठ्या विहिरीच्या व वाड्यांतील विहिरींच्याही काळ्या होत्या. देवळामागच्या विहिरीची एक काळी, एक जशीच्या तशी. हातपंपाच्या दोन्ही स्वच्छ आणि उकळलेल्या पाण्याच्याही दोन्ही स्वच्छ. मोठ्या विहिरीचे कच्चे आणि उकळलेले पाणी हातात शेजारी शेजारी धरल्यावर फार बोलावे लागले नाही.

प्रश्न मात्र पुष्कळ आले. "आमचे बापजादे हेच पाणी पिऊन जगले," असे एक वृद्ध म्हणाले. विद्यार्थिनीने उलट उत्तर दिले नाही. पावसाळ्यात गावात हगवणीने किती मुले आजारी पडतात, हे तिने विचारले आणि आयांनीच एकमेकींना आठवण करून देत घरे मोजावयास सुरुवात केली. देवळामागच्या विहिरीचा निकाल काय समजावयाचा, असे पुजाऱ्यांनी विचारले. ह्या निकालावरून नक्की सांगता येत नाही, पुन्हा तपासले पाहिजे, तोवर पाणी उकळून प्यावे, असे तिने सांगितले. 'नक्की सांगता येत नाही' हे वाक्य पहिल्या सभेत तिच्या तोंडून निघाले नसते. आणि गावाने ह्या वेळी ते सहज मान्य केले, कारण पहिली चूक तिने आपण होऊन कबूल केली होती.

सर्वांत अवघड प्रश्न झिऱ्याकडच्या वस्तीतून आला. "काळी बाटली दाखवलीत. मग आम्ही प्यायचं काय?" इंधनाची आधीच टंचाई असलेल्या घराला रोजचे पाणी उकळावयास सांगणे सोपे असते, ते करणे सोपे नसते. निदान करून निघून जाणारा वैद्य आणि बाटली काळी करून निघून जाणारा विद्यार्थी, ह्यांत फारसा फरक नाही.

हिशेब आणि चुना

उरलेल्या दोन दिवसांत जे करता येण्यासारखे होते, ते करण्यात आले. मोठी विहीर वापरात राहणारच होती, तेव्हा तिचे निर्जंतुकीकरण हाती घेतले. दोराला दगड बांधून मुलांनी पाण्याची खोली मोजली, ती ४ मीटर भरली. विहिरीचा व्यास ३ मीटर होता. व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ३.१४, भागिले ४, म्हणजे २८.२६ घनमीटर, अर्थात २८,२६० लिटर पाणी. उत्तम प्रतीची ब्लीचिंग पावडर दर १,००० लिटर पाण्यास सुमारे २.५ ग्रॅम लागते. त्या हिशेबाने सुमारे ७१ ग्रॅम. वर्तुळाचे क्षेत्रफळ आठवीच्या पुस्तकात होते. पण ते विहिरीच्या काठावर बसून काढावयाचे असते, हे मुलांना आणि त्यांच्या गुरुजींनाही नवे होते.

पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून, आणखी पाणी घालून, काही मिनिटे निवळू दिली. तळाशी बसलेला चुना विहिरीत जाऊ न देता वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेतले आणि ती बादली विहिरीत खोल सोडून वर-खाली हलविली. हे काम रात्री, पाणी भरणे आटोपल्यावर केले. कारण क्लोरीनला आपले कार्य करण्यास निदान एक तास द्यावा लागतो. पाणी अधिक गढूळ असेल तर मात्रा वाढवावी लागते. उघड्या डब्यात ठेवलेली पावडर निःसत्त्व होत जाते, म्हणून डबा झाकून, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावा लागतो. ह्या सूचना कोतवालाने आणि गुरुजींनी दोघांनीही लिहून घेतल्या. तपासलेल्या बाटल्यांतील पाणी शिबिरार्थींनी ब्लीचिंग पावडर टाकून मारले आणि दूर खड्ड्यात पुरले.

सकाळी पाण्याला वास येतो अशी तक्रार आली. तो वास काही तासांनी जातो, हे सांगितल्यावर अम्मांनी पहिला घोट घेतला. त्यानंतर इतरांनी घेतला.

झिऱ्याचा प्रश्न पावडरीने सुटणारा नव्हता. हातपंप शासकीय होता. त्याच्यावर हक्क सर्वांचा होता. भारतातील खेड्यापाड्यांत लाखोंनी बसविलेला 'इंडिया मार्क-२' हा हातपंप १९७० च्या दशकात विकसित झाला आणि त्याची रचना महाराष्ट्रातील सोलापूर पंपावर आधारलेली होती. दिवसभर अनेक हातांनी वापरला तरी टिकावा, हाच त्यामागील उद्देश होता. ह्या गावी मात्र तो कोणाच्या हाताने चालवावयाचा, हाच वाद होता. सभेत पुष्कळ बोलणे झाले. सकाळची वेळ एका बाजूला आणि दुपारची दुसऱ्या बाजूला, असा तोडगा निघाला. तो न्याय्य नव्हता. झिऱ्याहून बरा होता, इतकेच. विद्यार्थिनीने ही गोष्ट अहवालात 'प्रश्न सुटला' ह्या सदरात लिहिली नाही. 'अपुरे राहिलेले काम' असे निराळे सदर करून तिने तिची नोंद केली.

अहवालातील पाने

शिबिराच्या अहवालात चुकीच्या निकालाचे पान ठेवावे की काढावे, अशी चर्चा परतीच्या वाटेवर झाली. ते ठेवण्यात आले. त्यानंतर उबविण्याची रीत, तापमानाची नोंद, उकळलेल्या पाण्याची तुलना, झिऱ्याचा उल्लेख आणि विहिरीचा हिशेब अशी पाने होती. हा अहवाल वाचणाऱ्या पुढच्या वर्षीच्या गटाला तीच चूक करण्याचे कारण उरले नाही. शास्त्रात चुकीच्या नोंदीचे मोल ह्यासाठीच असते.

वैशाखात विद्यार्थिनी स्वखर्चाने त्या गावी पुन्हा गेली. पावडरीचा डबा संपत आला होता. आठवीच्या मुलांनी एका जुन्या वहीत विहिरीची पातळी आणि टाकलेल्या पावडरीचे वजन आठवड्याच्या आठवड्याला लिहून ठेवले होते. उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यामुळे मात्राही त्यांनी आपली आपण कमी केली होती. अधले दोन आठवडे कोरे होते. तेव्हा गुरुजी रजेवर होते आणि डबा कपाटात कुलपात होता. हातपंपाची दुपारची वेळ पाळली जात होती, सकाळची कधीमधी मोडत होती. नवा डबा कोणाकडे मागावयाचा, त्यासाठी अर्ज कोणाच्या नावे लिहावयाचा, हे त्या मुलांना कोणी सांगितले नव्हते. शाळेच्या ओट्यावर बसून तिने तो अर्ज मुलांकडूनच लिहून घेतला. पहिली सही झिऱ्याकडच्या मुलीच्या आईचा अंगठा होता.

समारोप

महाविद्यालयीन विद्यार्थी खेड्यात जाऊन जे देतो, ते बहुधा थोडे असते. चौदा बाटल्या, ७१ ग्रॅम पावडर, एक अर्ज. तो काय घेऊन येतो, ते मात्र दुसरीकडे सहसा मिळत नाही. प्रयोगाला ऊब लागते हे पुस्तकात असते. ती न मिळाल्यास काय होते, हे लोकांपुढे उभे राहून शिकावे लागते. नमुना प्रातिनिधिक असावा हे संख्याशास्त्रात असते; कोणाचे पाणी यादीतून गळते, हे वस्तीपर्यंत चालत गेल्यावर कळते. आणि घरोघर विरजणाच्या भांड्यात साठलेले ज्ञान विज्ञानाला परके नाही, हे त्या भांड्याशी बसल्याशिवाय ध्यानात येत नाही.

शिबिर आखणाऱ्या शिक्षकांसाठी ह्यातून काही सूचना निघतात. काम विद्यार्थ्याच्या विषयाशी जोडलेले असावे. गावाने सुचविलेला प्रश्न आणि गटाने आणलेला प्रश्न ह्यांची सांगड पहिल्याच दिवशी घालावी. तपासणीला तुलना असावी, निकालाला मुदत असावी आणि निकाल जाहीर करण्यापूर्वी त्याची फेरतपासणी व्हावी. शिबिर संपल्यावर काम कोण चालविणार, हे शिबिर सुरू होण्यापूर्वी ठरवावे. आणि गुण देताना अहवालातील चुकीचे पान फाडण्याचा मोह विद्यार्थ्याला होणार नाही, अशी व्यवस्था असावी. ते पान राहिले, तर पुढच्या शिबिरातील बाटल्या पहिल्याच रात्री भुशात जातील.